बाग, पाय आणि काळे कण : काटोलकडच्या एका कुटुंबाचे प्रकरण

पार्श्वभूमी

काटोलकडच्या एका संत्रा बागायतदाराचे हे प्रकरण आहे. कुटुंबाच्या परवानगीने लिहीत आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्यांची मुलगी नागपुरात शिकते. मी वनस्पतिशास्त्र शिकवतो आणि बुरशी, शेवाळ, दगडफूल यांची ओळख पटवण्यासाठी लोक माझ्याकडे येत असतात. ऑगस्टमधली झड उघडल्यावर ही मुलगी वडिलांना घेऊन महाविद्यालयात आली. फोनमध्ये फोटो होते आणि वडिलांच्या उजव्या पायाला पट्टी होती.

वडील पन्नाशीच्या आतले. बागेत तीनशेवर झाडे आहेत. ओलीत करताना चप्पल चिखलात रुतते म्हणून ते वर्षानुवर्षे अनवाणीच बागेत फिरतात. कुंपण बाभळीच्या आणि बोरीच्या काट्यांचे.

फोटोंत चार गोष्टी होत्या. संत्र्याची पाने काजळी फासल्यासारखी काळी पडली होती. खोडांवर राखाडी-पोपटी चट्टे होते. गोठ्याशेजारी कुजत पडलेल्या कुटारावर, म्हणजे मळणीनंतरच्या भुशावर, रात्रीतून पिवळाधमक फेस उगवला होता. आणि शेवटी त्यांचा पाय: तळव्याच्या कडेला सूज, त्यावर बारीक बारीक तोंडे आणि सगळीकडे निळसर खपली.

त्यांचे म्हणणे सरळ होते. "सर, बुरशी एकच हाय. आधी झाडाले लागली, मंग कुटाराले, आता माह्या पायाले."

या समजुतीवरून त्यांनी आधीच बरेच काही करून टाकले होते. सगळ्या बागेवर बुरशीनाशकाची फवारणी झाली होती. पिवळा फेस आलेले कुटार रॉकेल टाकून जाळले होते. आणि झाडाला चालते ते पायाला का चालू नये, या विचाराने धाकट्या भावाने सुचवल्यावर पायावर बोर्डो पेस्टचा, म्हणजे खोडाला लावायच्या मोरचूद-चुन्याच्या लेपाचा, हात फिरवला होता. निळी खपली त्याची होती.

अडचण नेमकी काय होती

वरवर पाहता प्रश्न "ही कोणती बुरशी?" असा होता. खरे तर चार वेगवेगळे प्रश्न रंगामुळे एका गाठीत बांधले गेले होते. काळे, पिवळे, राखाडी काही दिसले की आपल्याकडे "बुरशी आली" म्हणतात आणि बुरशी म्हटली की औषध एकच असणार असे वाटते. त्यातून बागेत नको ती फवारणी झाली आणि पायाला नको तो लेप लागला.

दुसरी गोष्ट अशी की सगळ्यांचे लक्ष सर्वांत भडक दिसणाऱ्या गोष्टीकडे, म्हणजे त्या पिवळ्या फेसाकडे होते. मुलीला त्याचीच भीती वाटत होती. लहान चुलतभाऊ त्याच्याशी खेळला होता. पायाबद्दल मात्र वडील म्हणत, "दुखत तं नाही, मंग कायले दवाखान्यात जाचं?"

पायाची हकिकत मुलीनेच नीट सांगितली. काही वर्षांपूर्वी काटा रुतला होता, आईने टाचणीने काढला. जखम भरली. वर्षभराने तिथे टणक गाठ जाणवू लागली. एका खासगी दवाखान्यात ती कापून काढली. काढलेली गाठ तपासायला पाठवली नाही. कागदावर फक्त "गाठ काढली" एवढेच होते. गाठ परत आली, या वेळी पसरट. मग एक तोंड फुटले, पाझरले, बुजले. शेजारी दुसरे फुटले. मेडिकल स्टोअरमधून मिळालेले, स्टिरॉइड असलेले मिश्र मलम महिनोन् महिने लावले. आणि एक वाक्य तिने अगदी सहज सांगितले: "बाबांच्या पायातून कधी कधी माती निघते. मोहरीपेक्षा बारीक, काळी."

त्या वाक्यापाशी मी फोटो बाजूला ठेवले.

झाडावरचे आणि जमिनीवरचे : ओळख कशी पटवली

रंगावरून नाव सांगण्याऐवजी मी प्रत्येक गोष्टीला एकच प्रश्न लावायला सांगितले: हा रंग वर बसला आहे की आतून येतो आहे? दुसऱ्या दिवशी मुलीने घरून पिशवीत नमुने आणले आणि आम्ही ते एकेक करून पाहिले.

काळी पाने सोपी होती. ओल्या कापडाने पुसताच काळा थर निघाला आणि खाली हिरवे, निरोगी पान दिसले. ही कोळशी. विदर्भातल्या संत्रा बागायतदाराला हे नाव सांगावे लागत नाही. पण कोळशी पानात शिरत नाही, हे मात्र सांगावे लागते. काळी माशी पानाच्या मागे बसून रस शोषते आणि गोड चिकट पदार्थ टाकते. त्या चिकटपणावर ही बुरशी वाढते. पान उलटले तर माशीची काळी, चपटी पिल्ले दिसतात, आणि या पानांवर ती होती. काळ्या थरामुळे पानाला ऊन मिळत नाही, झाड अशक्त होते, फळ काळवंडते. नुकसान खरे आहे. पण नुसते बुरशीनाशक मारून उपयोग नाही, कारण मूळ किडीत आहे. झालेली फवारणी त्या अर्थाने वाया गेली होती.

खोडावरचे चट्टे म्हणजे दगडफूल. सावजी मसाल्यात जे वापरतात त्याच घराण्यातले, खायच्या जातीचे नसले तरी. बुरशी आणि शैवाल एकत्र राहून हा जीव बनतो. मुलीने चट्ट्यावर पाण्याचे थेंब टाकले तेव्हा राखाडी रंग पाहता पाहता हिरवट झाला: वरचा थर भिजला की आतले शैवाल दिसू लागते. नखाने खरवडल्यावर खालची साल ताजी होती. दगडफूल खोडावर नुसते राहते, झाडाचा रस पीत नाही. जुन्या, मंद वाढणाऱ्या झाडांवर ते जास्त दिसते म्हणून लोक त्यालाच दोष देतात.

पिवळ्या फेसाचा नमुना जळून गेला होता, पण गोठ्यामागे थोडा उरला होता. तो पिशवीतून आला तोवर त्याची भुरकट, ठिसूळ पापडी झाली होती आणि फोडल्यावर आतून काळपट भुकटी उडाली. हा स्लाइम मोल्ड, शास्त्रीय नाव फ्युलिगो सेप्टिका. नावात मोल्ड असले तरी ही बुरशी नव्हे. हा जीव अमीबासारखा हळूहळू सरकतो, कुजणाऱ्या पालापाचोळ्यातले जिवाणू खातो आणि पावसानंतर उघड्यावर येऊन बीजाणू तयार करतो. आज पिवळा, उद्या बदामी, परवा काळा: रंगावरून ओळखायला गेले तर एकाच जीवाची तीन नावे होतील. झाडाला, गुरांना, माणसाला तो लागत नाही. भुकटी नाकात गेली तर दमेकऱ्याला त्रास होऊ शकतो, एवढीच काळजी. त्या मुलाला काही होणार नव्हते.

खरी अडचण दगडफुलाच्या फोटोच्या कोपऱ्यात होती, आणि तिच्याबद्दल कुणी विचारलेही नव्हते. खोडाच्या बुंध्याशी, जमिनीपासून वीतभर उंचीवर, मधाच्या रंगाचा डिंक ओघळून वाळला होता. तो पुसून निघत नव्हता, कारण तो आतून येत होता. मुलीच्या वडिलांनी घरी जाऊन त्या जागची साल चाकूने हलकेच खरवडली, तर खाली तपकिरी, कुजकट पट्टा लागला. हा डिंक्या. फायटोफ्थोरा नावाचा, जमिनीतल्या ओलाव्यात वाढणारा सूक्ष्मजीव बुंध्यावर आणि मुळांवर हल्ला करतो आणि काही हंगामांत झाड वाळवतो. बागेत जीवघेणे काही होते तर ते हे.

समोरचे पर्याय

बागेपुरते पर्याय स्पष्ट होते, त्यांवर फार लिहीत नाही. कोळशीसाठी काळ्या माशीचा बंदोबस्त. डिंक्यासाठी कुजलेली साल खरवडून काढणे, बुंध्याशी साचणारे पाणी वळवणे आणि बोर्डो पेस्ट, जी पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर खोडाला लावायची असते. नागपुरात केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे; फवारणीचे औषध आणि प्रमाण तिथून विचारून घ्या असे सांगितले, कारण तो माझा विषय नाही.

बोर्डो पेस्टबद्दल मात्र एक गोष्ट आवर्जून सांगितली, कारण पायाचा धागा तिथे जुळतो. १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), १ किलो चुना, १० लिटर पाणी हे प्रमाण सगळ्यांना पाठ असते. मिश्रणात लोखंडी खिळा बुडवून पाहायचा; त्यावर तांबूस थर आला तर मोरचूद मोकळा आहे, आणखी चुना हवा. झाडाची सालसुद्धा मोकळ्या मोरचुदाने भाजते म्हणून ही खबरदारी आहे. मग उघड्या जखमेचे काय होईल, हे वडिलांना खिळ्याच्या उदाहरणावरून लगेच पटले.

पायासाठी कुटुंबापुढे चार वाटा होत्या.

पहिली, मलम चालू ठेवायचे. खर्च कमी, शहराची फेरी नाही. पण ज्या सुजेला तोंडे फुटली आहेत आणि जिच्यातून कण बाहेर पडतात ती वरून लावलेल्या मलमाने बरी होत नाही, आणि स्टिरॉइड अशा संसर्गाला पोसते.

दुसरी, पुन्हा कापून घ्यायचे. वडिलांचा कल इकडे होता: "एकदाचं काढून टाका." आधी एकदा काढून ती परत आली होती हे त्यांना आठवून द्यावे लागले.

तिसरी, गावातल्या डॉक्टरकडून अँटिबायोटिकचा कोर्स. ही वाट अगदीच चुकीची नव्हती, कारण अशा सुजेचा एक प्रकार जिवाणूंमुळेच होतो आणि त्याला अँटिबायोटिकच लागते. पण अंदाजाने सुरू केले असते तर महिने जाऊन काहीच कळले नसते.

चौथी, नागपुरात त्वचारोग विभागात जाऊन आधी निदान, मग उपचार. मेडिकल आणि मेयो या दोन्ही सरकारी रुग्णालयांत हा विभाग आहे. अडचण हंगामाची होती. झड उघडली होती, निंदणाला मजूर मिळाले होते आणि रांगेत दिवस घालवायला कुणी तयार नव्हते.

मी डॉक्टर नाही. फोटो पाहून रोगाचे नाव सांगणे मी टाळले, पण शंका मात्र स्पष्ट बोललो. काटा, वर्षानुवर्षे न दुखणारी टणक सूज, अनेक तोंडे आणि कण: या चार गोष्टी एकत्र आल्या की मायसेटोमाचा, म्हणजे मातीतली बुरशी किंवा जिवाणू काट्याबरोबर त्वचेखाली शिरून होणाऱ्या रोगाचा, विचार करावाच लागतो. बुरशीशास्त्र शिकवताना हा विषय येतोच, कारण त्याचा इतिहास आपल्या देशात घडला. १८४२ साली मदुराईच्या दवाखान्यात गिल नावाच्या डॉक्टरने असे पाय नोंदवले म्हणून "मदुरा पाय" हे नाव पडले. पुढे मुंबईत काम करणाऱ्या हेन्री व्हॅन्डाइक कार्टर यांनी यामागे बुरशी असल्याचे मांडून मायसेटोमा हे नाव दिले. वैद्यकाचे विद्यार्थी ज्या ग्रेच्या शरीरशास्त्राची पाने उलटतात, त्यातली मूळ चित्रे याच कार्टरांची. एवढा जुना रोग असूनही जागतिक आरोग्य संघटनेच्या दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत तो आला तो २०१६ साली. गरीब शेतकऱ्याचा, न दुखणारा पाय किती काळ कुणाच्या नजरेत येत नाही, हे यावरून दिसते, आणि मला ते आजही सहन होत नाही.

काय केले

निर्णय मुलीने घेतला. वडिलांना म्हणाली, "बाबा, झाडाचं खोड खरवडून पाहिलं तसंच पायाचं आत काय हाय ते पाहू द्या त्यांना." वडील तयार झाले.

त्वचारोग विभागात पहिल्या दिवशी फार काही झाले नाही. निळ्या खपलीखाली काहीच दिसत नव्हते. डॉक्टरांनी लेप, मलम, हळद सगळे बंद करायला सांगितले, पाय मिठाच्या कोमट पाण्याने धुवायला सांगितले आणि रात्री तोंडांवर स्वच्छ कोरडा गॉज बांधून सकाळी तो न झटकता डबीत आणायला सांगितला. पुढच्या खेपेला त्या गॉजवर काळे कण मिळाले. या प्रकरणात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती हीच पायरी. इतके दिवस माती समजून झटकले जाणारे कण पहिल्यांदा तपासणीच्या टेबलावर पोचले.

इथे रंगाला खरेच अर्थ असतो, आणि तो नेमका किती हे समजून घेण्यासारखे आहे. काळे कण जवळजवळ नेहमीच बुरशीचे असतात. आपल्याकडे बहुधा मदुरेला मायसेटोमॅटिस या जातीचे. लाल कण ॲक्टिनोमदुरा पेलेटिएरी या जिवाणूचे. पांढरे किंवा पिवळसर कण मात्र दोघांचेही असू शकतात, तिथे सूक्ष्मदर्शकावाचून गत्यंतर नाही. आणि फरक केवळ नावाचा नाही. जिवाणूचा प्रकार असेल तर अँटिबायोटिक, बुरशीचा असेल तर बुरशीविरोधी गोळ्या; एकाचे औषध दुसऱ्याला काहीच करत नाही.

तरीही डॉक्टर कणाच्या रंगावर थांबले नाहीत. कण पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा जाड तंतूंचे जाळे दिसले. खोलवरची बायोप्सी घेतली, तिचा एक भाग कल्चरला, म्हणजे प्रयोगशाळेत बुरशी वाढवून पाहायला, गेला. कल्चरला काही आठवडे लागतात हे आधीच सांगितले गेले, त्यामुळे घरच्यांचा धीर सुटला नाही. एक्स-रेत हाड शाबूत होते. एमआरआयमध्ये उजळ गोलाच्या मधोमध गडद ठिपका, अशी या रोगाची ओळखीची खूण दिसली, आणि सूज मऊ भागातच आहे हे नक्की झाले.

बायोप्सीमागे आणखी एक कारण होते. तळपायावर काळे काही दिसले की मेलॅनोमाचा, म्हणजे रंगद्रव्याच्या पेशींच्या कर्करोगाचा, विचार करावा लागतो. सावळ्या त्वचेच्या माणसांत तो तळवा, तळहात आणि नखाखालीच जास्त सापडतो. तो काळेपणा त्वचेतच असतो, पसरतो, त्याची कड वेडीवाकडी असते. कण होऊन बाहेर पडत नाही. मुकामार लागून साकळलेले रक्तही काळे दिसते, चामखिळीतही काळे ठिपके असतात. हे सगळे फोटोत एकसारखे दिसू शकते.

निदान युमायसेटोमा, म्हणजे बुरशीजन्य प्रकार. आता दुसरा मोठा निर्णय: आधी शस्त्रक्रिया की आधी गोळ्या? डॉक्टरांनी आधी इट्राकोनॅझोल हे बुरशीविरोधी औषध देऊन काही महिने थांबायचे ठरवले. सुदानमधल्या खार्तुमच्या मायसेटोमा संशोधन केंद्राचा अनुभव असा आहे की औषधाने गाठीभोवती जाड आवरण तयार होते आणि मग ती सलग काढता येते. लगेच कापले तर कण मागे राहतात आणि रोग परत येतो. यांच्या पायाने हे एकदा दाखवलेच होते.

गोळ्या सुरू करताना एक अडसर आला. वडील रोज सकाळी ॲसिडिटीची गोळी घेत. इट्राकोनॅझोलची कॅप्सूल शोषली जायला पोटात आम्ल लागते. ॲसिडिटीच्या गोळीने ते कमी होते आणि महागडे औषध तसेच निघून जाते. मुलीने घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत भरून नेली होती म्हणून हे लक्षात आले. ती गोळी बंद झाली, कॅप्सूल जेवणाबरोबर घ्यायची ठरली, आणि दर काही आठवड्यांनी यकृताची रक्ततपासणी.

निष्पन्न

सहा महिन्यांत तोंडे बुजली, कण येणे थांबले, सूज आटली आणि हाताला गाठीची कड लागू लागली. त्यानंतर शस्त्रक्रिया झाली. गाठ आवरणासकट निघाली आणि या वेळी ती तपासणीला गेली. गोळ्या त्यानंतरही चालू आहेत. रोग उलटण्याचा धोका आहे, म्हणून पुढची काही वर्षे पाहणी राहणार. वडील चालतात, बागेत जातात, आणि गमबूट घालतात. सुरुवातीला त्यांना ते जड वाटायचे.

बागेत डिंक्याने दोन झाडे वाळली. बाकीची वेळेवर खरवडून, पेस्ट लावून वाचली. काळी माशी आटोक्यात आल्यावर पुढच्या बहाराला कोळशी बरीच कमी होती. दगडफूल खोडांवर तसेच आहे.

वेगळे काय करता आले असते

पहिली गाठ काढली तेव्हाच ती तपासणीला पाठवायला हवी होती. शरीरातून काढलेली कोणतीही गाठ फेकायची नसते, आणि पाठवली का, अहवाल कुठे आहे, हे रुग्णाने विचारायला हरकत नसते. त्या वेळी रोग लहान होता. वर्षे वाचली असती.

मेडिकल स्टोअरच्या काउंटरवर पायाकडे न पाहता मलम दिले गेले. पाझरणाऱ्या जखमेसाठी मलम मागायला कुणी आले तर त्याला दवाखान्याची वाट दाखवणे हेच योग्य.

कुटुंबाची समजूत सगळी चूक नव्हती, हेही नोंदवायला हवे. पायातली बुरशी झाडावरून आली नव्हती. कोळशी किंवा फायटोफ्थोरा माणसाला लागत नाही. पण ती बागेतूनच आली होती: मातीतून, काट्याबरोबर. "तुमचे चुकले" असे म्हणण्याऐवजी "बाग बरोबर, झाड चूक" असे सांगितले तेव्हा वडिलांनी पुढचे ऐकले. पहिल्याच दिवशी मी नुसते "हे झाडाचे नाही" एवढे म्हणून त्यांना परत पाठवले असते, तर ते बहुधा दवाखान्यात गेलेच नसते.

फोटोंचा उपयोग झाला, पण ओळखीसाठी नाही, तर काळ मोजण्यासाठी. मुलीच्या फोनमध्ये आधीच्या पोळ्याचा एक फोटो होता, बैलाशेजारी वडील अनवाणी उभे. त्यात सूज किती होती हे डॉक्टरांना दिसले. दर महिन्याला, त्याच उजेडात, शेजारी रुपयाचे नाणे ठेवून फोटो काढला असता तर आणखी उपयोग झाला असता.

शस्त्रक्रियेनंतर धाकट्या भावाने बागेतल्या सगळ्या मजुरांचे पाय स्वतः पाहिले, स्त्रियांचे त्याच्या बायकोने. काटा रुतलेल्या जागी टणक, न दुखणारी गाठ असलेली दोन माणसे सापडली. दोघांनाही रोजी न कापता नागपूरला पाठवले. एकाच्या तळव्यावरचे कुरूप निघाले. दुसरीची बायोप्सी झाली आहे, कल्चर अजून यायचे आहे.